आक्षेप

सत्तेचाळीस अंश. ग्वाल्हेर, लष्कर.
आमच्या गल्लीत दुपारी कुत्री
नळाखालच्या ओल्या डागावर झोपतात,
डाग वाळला की उठून
पुढच्या डागाकडे जातात.

मी महालेखाकार कार्यालयात एकतीस वर्षं
दुसऱ्यांच्या हिशेबातली भोकं शोधली.
म्हणून एसी घ्यायचं ठरल्यावर
आधी वही घेतली. दोनशे पानी, रेघांची.

खोली बारा बाय अकरा. भिंत पश्चिमेची.
वर पटियांचं छप्पर,
दिवसाचं ऊन रात्री दोनपर्यंत
व्याजासकट परत करणारं.
"बाबूजी, एक टन में नहीं होगा,"
दुकानातला पोरगा म्हणाला, "डेढ़ लीजिए."
टन म्हणजे यंत्राचं वजन नव्हे,
हे मला बासष्टाव्या वर्षी कळलं.
टनभर बर्फ वितळताना
दिवसभरात जेवढी उष्णता खातो, तेवढी.
मी दीड टन बर्फ डोळ्यांपुढे आणला,
पलंगाशेजारी, कपाटाला टेकून ठेवलेला,
आणि तिथेच सही केली.

त्याआधी अर्थात नळी तांब्याची की अ‍ॅल्युमिनियमची,
तारे तीन की पाच, स्टॅबिलायझर कितीचा.
कुमुद म्हणाली, मंजूचं स्थळ बघताना
इतकं विचारलं नव्हतंत.

पहिलं यंत्र नऊ दिवस चाललं.
दहाव्या रात्री कुमुदच्या उशीवर ठिबकू लागलं.
दुसरं, बदलून आलेलं,
थंड करायचं सोडून हिरवा दिवा मिचकवायचं,
चार वेळा. थांबायचं. पुन्हा चार.
तक्रार क्रमांक अकरा आकडी. पान सात.
फोनवरची मुलगी फार गोड,
आमचा त्रास तिला समजत होता.
पान आठ: माणूस आला, जाळी धुऊन गेला.
पान नऊ: दुसरा आला, गॅस भरून गेला.
पान दहा: कुणीच आलं नाही,
पण येऊन गेल्याचा संदेश आला.
त्यावर मी लाल शाईत आक्षेप लिहिला.
लाल शाई कंपनीपर्यंत पोचत नाही.

मग कंपूहून रईस आला, सायकलवर.
त्यानं वाटीत कपड्यांचा साबण कालवला,
दाढीच्या जुन्या ब्रशनं
नळीच्या जोडांना फेस लावला
आणि म्हणाला, "अब कोई बोलेगा नहीं."
पंखा बंद. कुमुद श्वास धरून.
एका नटाच्या काठावर बुडबुडा आला,
मुगाएवढा, मग हरभऱ्याएवढा,
त्यात आमची खिडकी उलटी दिसली,
मग फुटला. तिथेच दुसरा आला.
एकतीस वर्षांत इतका निर्विवाद पुरावा
माझ्या टेबलावर आला नव्हता.

घाईत आवळलेला नट. सातशे रुपये.
पावती मागितली तर तो हसला,
माझीच वही ओढून त्यानं लिहिलं:
ठीक किया. रईस.

त्या रात्री आम्ही भांडलो,
ऐन मे महिन्यात, चादरीसाठी.

अकरा वाजता मागचं दार लावायला गेलो
तर बाहेरच्या पेटीची हवा तोंडावर आली.
पेटीसमोर पाच फुटांवर शिवहऱ्यांची खिडकी.
खिडकीत ओलं पोतं टांगलेलं,
तेही वाळत आलेलं.
आत त्यांची सून बाळाची खाट
भिंतीपासून दूर सरकवत होती.
ती काही बोलली नाही.
फरशीवर लोखंडी पाय घासल्याचा
आवाज तेवढा आला.

पान अकरावर आक्षेप, माझ्याच नावावर.
उष्णता नष्ट झालेली नाही,
परस्पर दुसऱ्या खात्यावर टाकलेली आढळते.
खुलासा करावा.

खुलासा अजून केलेला नाही.
पेटी वर, पटियांवर न्यायची
तर रईस म्हणतो पंधरा फूट नळी लागेल,
आणि तांबं रोज महाग होतंय.
मी दोन ठिकाणी भाव विचारतोय.
कुमुदनं मात्र काल मला न सांगता
त्याला आगाऊ रक्कम देऊन टाकली.
पावती घेतली नाही.