एक इंच मागं

जिन्नाप्पा मगदूम आधी किल्ली काढून
स्वतःच्या खिशात टाकतो,
मग बोलायला लागतो.
"वैनी, पहिला धडा ह्यो. बाकीचं समदं ह्याच्यानंतर."
त्याच्या उजव्या हाताला तीन बोटं.
मी विचारत नाही.

हा छोटा ट्रॅक्टर आम्हाला स्वस्तात मिळाला,
कारण चार दिवस तो पंचगंगेच्या पाण्यात उभा होता.
डिपस्टिक काढली तर तेल दुधाळ,
साय धरलेल्या चहासारखं.
जिन्नाप्पानं ते बोटावर घेतलं, हुंगलं,
म्हणाला, "नदी प्यालंय हे."
तीनदा बदललं. तिसऱ्या खेपेला
पट्टीवरून काकवीसारखं ओघळलं, तेव्हा त्यानं
पहिल्यांदा आमच्या घरचा चहा घेतला.

हालोंडीत तेवीस वर्षं मी ब्लाउज शिवते.
मशीनला तेल कुठं घालायचं
हे माझे हात अंधारातही सांगतील.
म्हणून ग्रीस गन परकी वाटली नाही,
नुसती जड वाटली.
निप्पल आधी फडक्यानं पुसायचं,
नाहीतर ग्रीसबरोबर माती आत जाते.
मग जुनं काळं कडेनं बाहेर येईपर्यंत दाबायचं.
"पोट भरलं की त्येच सांगतंय."
मी मोजली सतरा. तो म्हणाला, अठरा.
अठरावं क्लचच्या पायटीखाली निघालं,
चिखलाचं पांघरूण घेऊन झोपलेलं.

रोटाव्हेटर जोडायचा म्हणजे
आधी डावी कडी, मग उजवी, शेवटी वरची.
उजवीला फिरकी असते, उंची तिनं जुळते.
पण त्याआधी ट्रॅक्टर मागं न्यायचा,
आणि तिथं माझी रोज फजिती.
कधी सहा इंच कमी, कधी दोन इंच जास्त.
भोक पिनेसमोर यायचं, बघायचं, निघून जायचं.
शाळा सुटलेली पोरं बांधावर बसून मार्क द्यायची.
नणंद घरातनं ओरडायची, "भाकरी करपली बघ!"
चूल तर पेटलेलीच नसायची.

एका दुपारी काजं करता करता
हात थांबला.
बटण आपण ढकलत नाही,
काज बटणावर आणतो.
उठले, तशीच गेले.
क्लच अर्धा, मान मागं,
श्वास सुईत दोरा ओवताना धरतात तसा.
एक इंच मागं.
खट्.
पोरं उठली, चड्ड्या झटकून निघून गेली.

नदीकडच्या रानात दुसऱ्याच तासाला दगड लागला.
इंजिन चालू, रोटाव्हेटर गप्प.
शिअर बोल्ट मोडला होता.
डब्यातला सगळ्यात पक्का बोल्ट मी काढला,
लक्ष्मीपुरीतून आणलेला, चकचकीत.
जिन्नाप्पानं तो हातातनं काढून घेतला.
"ह्यो न्हाई मोडायचा. मग गिअरबॉक्स मोडंल.
ह्या जागंला कच्चाच लागतोय, वैनी.
मोडायचाच पगार हाय त्याला."

बसवून झाल्यावर तो चाकाला टेकला.
उसातून वारं आलं.
"माझ्या शाफ्टला जाळी नव्हती," तो म्हणाला,
"आणि सदऱ्याला बाही व्हती. लांब."
तीन बोटांनी पाना पुसला.
"बास. चला, दिवस जाईल."

रात्री मी नवऱ्याचा जुना सदरा काढला,
रोज साडीवर घालते तो.
दोन्ही बाह्या कोपराच्या वर कापल्या,
कड दोनदा दुमडून टीप मारली,
एक दोरासुद्धा लोंबता ठेवला नाही.
नवरा म्हणाला, "चांगला होता की गं."
उरलेल्या बाह्यांची मी चार फडकी केली.
त्यातलं एक आज सकाळी
अठराव्या निप्पलवर काळं झालं.