पाच ऐंशीचा स्टॉप

पहाटे दोन वाजून अकरा मिनिटांनी
गव्हाचा भाव पाच नव्वदवर गोठला.
आधी वाटलं, बाजार पेंगतोय. या वेळी पेंगतोच.
मग मका गोठला, सोयाबीन गोठलं,
आणि माझ्या तिन्ही पडद्यांवरचे आकडे
भिंतीवरच्या रंगासारखे नुसते असून राहिले.

शिकागो, सतरावा मजला.
रात्रपाळीला मी, ब्रोनिया,
आणि महिनाभर बिघडलेलं कॉफीचं मशीन.

पहिला फोन ड्युब्यूकहून. ऑर्विल हॅगस्ट्रॉम.
एकतीस वर्षं मिसिसिपीवर बार्ज ढकलले या माणसाने,
आता गव्हाची चार कॉन्ट्रॅक्टं आहेत आणि झोप नाही.
"बाई, माझा स्टॉप आहे ना?"
आहे म्हटलं. पाच ऐंशीला. रद्द करेपर्यंत चालू.
"आहे, पण कुठे?"

आता काय सांगू.
एक्स्चेंजच्या यंत्रात, गावाबाहेर,
बिनखिडक्यांच्या एका इमारतीत.
काढता येत नाही, हलवता येत नाही.
पेटीत टाकलेलं पत्र,
आणि पेटीची चावी घेऊन पोस्टमन गावाला गेलेला.
"तिथे कुणी जागं आहे का?"
असेल, म्हटलं. असावं.

अडीचला बातमी आली:
काळ्या समुद्रावरून गव्हाची जहाजं सुटली.
भाव पडणार हे सगळ्या जगाला कळलं,
फक्त भावाला कळलं नव्हतं.

स्टॉप. शब्दच फसवा.
तो काही थांबवत नाही.
दाराशी निजलेला राखणदार आहे तो;
भावाचा पाय उंबऱ्याला लागला की उठतो
आणि मिळेल त्या किमतीला घरातलं सामान विकून टाकतो.
भाव उंबऱ्यावर पाय न देता
उडी मारून थेट माजघरात उतरला, तरी उठतोच.
विकतो मात्र माजघराच्या दराने.

मी काम शिकले फिनबार डोनेगनच्या हाताखाली, पिटमध्ये.
त्याच्याकडे स्टॉप म्हणजे कागद होते,
किमतीप्रमाणे लावलेले, रबरात बांधलेले, घामाने ओले.
एका ऑगस्टमध्ये दिवे गेले
तर दातांत टॉर्च धरून
दोन्ही हातांनी त्याने सत्तर लॉट विकले.
चूक झाली तर भरपाई त्याच्या खिशातून.
संत नव्हता. एकदोन कागद तो "विसरला" होता,
कुणासाठी तेही मला माहीत आहे.
पण शिव्या कुणाला घालायच्या
हे तेव्हा गिऱ्हाइकाला माहीत असायचं.

तीन पन्नासला निरोप आला:
दहा मिनिटांत बाजार उघडतोय.
दिवसापुरत्या ऑर्डरी पुसल्या गेल्या, बाकीच्या जिवंत.
आता काढता येतील, बदलता येतील.
अंदाजी भाव पाच अडुसष्ट.

ऑर्विलला लावला. पहिल्या घंटेला उचलला.
काढू का स्टॉप? मी विचारलं.
सल्ला द्यायची मला मुभा नाही,
आवाज सपाट ठेवायचा असतो, ठेवला.
पलीकडे किटली उकळत होती,
त्याने ती उकळू दिली.
मग म्हणाला, "धुकं पडलं की आम्ही
बार्जचं नाक काठात खुपसून थांबायचो.
इथे काठ कुठला ते तरी सांग."
मी सांगितलं नाही. मला ठाऊकही नव्हता.
तीन छप्पन्न. तीन सत्तावन्न.
"असू दे," तो म्हणाला.

चार वाजता पहिला सौदा पाच सहासष्टला,
त्यातच त्याची चारही गेली.
उंबऱ्यापासून चौदा सेंट खाली.
दोन हजार आठशे डॉलर.
चार वीसला गहू पुन्हा पाच एकोणऐंशी.

त्याचा फोन आला नाही.
मीही केला नाही.

तिकिटावर रकाने असतात:
ट्रिगर, चार शून्य शून्य.
भरली, चार शून्य शून्य.
त्यापुढे टिपणासाठी बोटभर जागा.
तिथे लिहिलं, गिऱ्हाईक जागं होतं.
मग वाटलं, ऑडिटवाले विचारतील
याचा संबंध काय.
खोडलं.