पस्तीसवाला

एलॉय साल्मोन रस्त्यावर आमचा गाळा म्हणजे
काचेची दोन कपाटं आणि माणूस मावेल एवढी फट.
त्या फटीत मी, सकाळी आठपासून.
ला पासमध्ये ऑगस्टात आठला बोटं कामच करत नाहीत,
म्हणून गिऱ्हाइकाशी आधी तोंडानं बोलायचं,
खोकी नंतर उघडायची.

ती आली तेव्हा मी पाव खात होतो.
डोक्यावर तिरकी हॅट, पाठीवर पट्ट्यापट्ट्यांचं गाठोडं,
गाठोड्यात, मला वाटलं, मूल.
निघाला लॅपटॉप. नातवानं टाकून दिलेला.
"बिनवायरचा दाखव. स्वस्तातला.
वायर लोकांच्या पायात येते."

कोर्टाच्या पायऱ्यांखाली बसते दोन्या प्रिमितिवा,
एकतीस वर्षं:
प्रतिज्ञापत्रं, सोडचिठ्ठ्या,
नळजोडणीसाठी नगरपालिकेला विनवण्या.
टाइपरायटर गेला म्हणाली.
माणूस गेला म्हणतात तसं,
आणि मग थोडा वेळ कपाटातल्या चार्जरांकडे बघत राहिली.

मी तीन काढून ठेवले.
तिनं बटाटा निवडावा तसा एकेक उचलला,
अंगठ्यानं दाबला, उलटा केला, पोटातला लाल दिवा बघितला.
गाठोड्याचं कापड सोडून काचेवर पसरलं.
"ह्यावर चालव. मला टेबल नाही, मांडी आहे."
काळ्या पट्टीवर तिन्ही नीट चालले.
गुलाबी पट्टी लागली की बाण बावचळायचा,
पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन थरथरायचा.
मी म्हटलं, महागातला घ्या, तो कशावरही चालतो.
तिनं कापडाची घडी बदलली. काळी बाजू वर.
"झालं. वाचले तुझे महागातले."

तरी मी साठवाला पुढं केलाच.
आवाज नाही, म्हटलं, अजिबात नाही.
बँकेतली माणसं हाच नेतात,
पंचवीस जादा मोजून माझ्याकडून शांतता नेतात.
तिनं तो कानाशी धरला, दाबला.
पुन्हा दाबला.
"बिघडलाय का हा?"

नाही हो, असाच आहे.

"मग लोकांना कळणार कसं माझं काम चाललंय?
मशीन होतं तेव्हा कुणी भावात घासाघीस केली नाही.
अक्षर न् अक्षर ऐकू जायचं त्यांना,
ओळ संपली की घंटी.
वाचता न येणारी माणसं, बाळा,
ती ऐकून पैसे द्यायची.
आता म्हणतात, तू तर नुसती बघत बसतेस,
बघण्याचे पाच कशाला?"

मग तिनं पस्तीसवाला दाबला.
टक्.
शेजारच्या गाळ्यातल्या सेवेरोनं मान वर केली.
"हा," ती म्हणाली. "बत्तीस."

चौतीस. तेहतीस. आणि वर यापा,
भाजीवर चार मिरच्या पडाव्यात तशी, एक बॅटरी.
दोन मागितल्या. दोन दिल्या.
लॅपटॉपला खोचायचा तुकडा दाताएवढा,
तो तिनं पंधरादा विचारून घेतला.
हरवला तर?
तर आपला उंदीर आंधळा, मी म्हटलं.
आमच्या भाषेतही ह्याला उंदीरच म्हणतात;
ती हसली नाही. तुकडा रुमालात बांधून
रुमाल झग्याच्या आत, नोटांच्या शेजारी.

दोन आठवड्यांनी गाळ्याच्या परवान्यासाठी
मी कोर्टाकडून चाललो होतो.
बसली होती. मांडीवर काळी पट्टी.
समोर टोपी हातात घेतलेला एक म्हातारा,
तिच्या हाताकडे एकटक.
मी मागून पडदा पाहिला:
कोरा. तारीखसुद्धा नाही.
ती शब्द शोधत होती, ओठ हलत होते,
आणि रिकाम्या पानावर
टक्, टक्टक्, टक्.
म्हाताऱ्यानं नाणी आधीच काढून ठेवली होती.

थांबून सांगावंसं वाटलं,
दोन्या, अशानं बॅटरी आठवडाभरही पुरायची नाही.
पण खिडकी बाराला बंद होते,
आणि रांग चढावर होती.