पाच आणि वीस

हॅलिफॅक्सची गालिच्यांची गिरणी बंद झाली
तेव्हा लिलावात हे यंत्र मला बारा पौंडांत मिळालं.
सोबत वायरींची पिशवी, आणि एक माउस,
कुणाच्या तरी बोटाने खळगा पडलेला.
मांडीवर घेऊन बसमध्ये बसलो.
ड्रायव्हर म्हणाला, बाळाचं तिकीट नाही.

पॉवर जातीचा प्रोसेसर. अशी यंत्रं आता
चालू स्थितीत किती, हे चालवणाऱ्यांनाच ठाऊक,
आणि तेही मोजत नाहीत.
बाजारचा कर्नल त्याला पचत नाही,
घरी रांधावा लागतो.
हजारो प्रश्न, आणि प्रत्येकाला तीनच उत्तरं:
हो, नाही, किंवा लागलं तर बोलावू.
(लग्नाच्या आमंत्रणांची यादी केलेल्या माणसाला
हे काम सहज जमावं.)
मग पावणेचार तास पंख्याची घरघर.
भिंत सामाईक.
पलीकडून मिसेस एनिड फेदर चप्पल आपटतात.

पहिल्या रात्री काळा पडदा.
दुसऱ्या रात्री काळाच, पण वेगळा काळा:
मागचा दिवा लागलेला.
यालाही प्रगती म्हणायची सवय होते.
सिरियल केबल जोडून जुन्या लॅपटॉपवर
त्याचं पुटपुटणं वाचत बसलो.
कार्ड सापडलं. मेमरी सापडली. फर्मवेअर चढलं.
आणि मग एक ओळ, अर्धीच,
जिन्यात कुणी हाक मारल्यासारखी तुटलेली.

अकराव्या कर्नलला पेंग्विन उगवले.
दोन प्रोसेसर म्हणून दोन पेंग्विन,
दोघांनाही कावीळ.
गिरणीची एक जुनी फाइल उघडली:
गुलाब हिरवेगार, पानं लालभडक,
निळी किनार काजळासारखी काळी.

दार वाजलं. ड्रेसिंग गाऊनमध्ये मिसेस फेदर.
‘वाजले किती बघ. फाइव्ह अँड ट्वेंटी टू ट्वेल्व्ह!’
आणि माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघून,
राग तसाच हातात धरून:
‘बॉबिन चुकलेत. लाल हिरव्याच्या खुंटीला लावलंय.
नवी पोरं करायची असं, सोमवारी सकाळी.’

त्या गेल्यावर मी तसाच उभा.
पाच आणि वीस.
इथे सगळे वीस आधी म्हणतात, पाच मागून.
ही बाई मात्र पंचवीसच म्हणाली की,
माझ्या आईसारखी, एकक आधी.
आम्ही लिहितो दोन-पाच, बोलतो पाच-वीस,
सत्तेचाळीस ऐकून सात आधी लिहिणारं पोर
प्रत्येक वर्गात एक असायचंच.
आमच्या वर्गात ते मी होतो.

यंत्र मोठं टोक आधी बोलत होतं,
कार्ड लहान टोक आधी ऐकत होतं.
चार बाइट उलट्या रांगेत आत शिरत होते:
लालाच्या जागी हिरवा, हिरव्याच्या जागी लाल,
आणि निळ्याच्या खुर्चीत तो चौथा,
ज्याच्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं.
खोटं कुणीच बोलत नव्हतं.

ड्रायव्हरमध्ये तीन ओळी बदलल्या.
पुन्हा पावणेचार तास. या वेळी आधी सांगून.
त्या म्हणाल्या, चालेल, कानातलं मशीन काढून ठेवते.

रविवारी सकाळी गुलाब लाल.
मिसेस फेदर स्वतःचा चहा स्वतः घेऊन आल्या,
माझ्या चहावर त्यांचा विश्वास नाही.
‘लाल याहून गडद होता,’ एवढंच म्हणाल्या.

फक्त माउसचा बाण अजून पिवळा आहे.
तो कार्डाच्या निराळ्या कोपऱ्यातून येतो,
त्याच्यापर्यंत निरोप पोचलेला नाही.
एका ओळीचं काम. करीन कधीतरी.
तोच बाण धरून त्या पाकळीवरचे चौकोन मोजतात,
वन अँड ट्वेंटी, टू अँड ट्वेंटी,
मी मनात एकवीस, बावीस,
पंचविसावर दोघं एकदम थांबतो.
‘हा इथे नको होता,’ त्या म्हणतात,
‘तेव्हाही सांगितलं होतं मी.’