पेव

अडत्याच्या दुकानात टीव्हीवर नकाशा.
त्यांची क्षेपणास्त्रं इतकी, आपली इतकी,
पहिला वार कुणाचा, मागं उरेल कोण –
टायवाला बोटांवर मोजतो,
रुमालाखाली हळदीचा सौदा चालावा तसा.

बाबालाल बशीत चहा ओततो.
तीस वर्षं हरिपुरात पेवं उघडली त्यानं.
म्हणतो, तोंड मोकळं केलं की आधी कंदील सोडायचा,
दोरी हळूहळू.
ज्योत विझली तर माणूस उतरत नाही,
भाव कितीबी चढू दे.

एकदाच घाई झाली.
कंदिलात तेल नव्हतं, गाडी भरायची होती,
आणि धाकटा रज्जाक म्हणाला, मी बघून येतो.

टायवाला सांगतो, धोका परवडण्यासारखा आहे.
बाबालाल बशी खाली ठेवतो.
"ह्यानं कंदील सोडला का?"

बाहेर हमाल वजन विचारतात.
बावन्न सहाशे, मी ओरडतो.
तोलाईदार मी, काट्याला कधी बोट लावलं नाही.
फक्त त्या सकाळी भरतीच्या मैदानाबाहेर
पोराचं वजन अर्धा किलो कमी पडत होतं,
तेव्हा डझनभर केळी
सोलून सोलून
मीच चारली.