मोरीपलीकडची मीटरं

महापालिकेची हद्द मोरीच्या कठड्यावर संपते.
तिथे पिवळ्या पट्ट्याचा दगड आहे,
त्यावर कुणीतरी रोज विडी विझवतं.
पंचायतीची हद्द कालव्यापासून.
मधल्या एकवीस एकरांत
माझी एकशे त्रेसष्ट मीटरं.

नाव नाही ह्या जागेला. म्हणजे आहेत, तीन-चार आहेत.
उताऱ्यावर एकशे अठरा बटा दोन.
रिक्षावाले म्हणतात खणीकडं.
प्लॉट विकून गेलेल्याच्या फाटक्या बोर्डावर
कसलंसं एन्क्लेव्ह, पुढची अक्षरं शेळीनं खाल्लेली.
राहणाऱ्यांना विचारलं तर
हात लांब करून दाखवतात, तेवढंच.

कचऱ्याची गाडी गाणं वाजवत मोरीपर्यंत येते,
गाणं न थांबवता वळते.
बायका बादल्या घेऊन धावत मोरी ओलांडतात,
अर्ध्या मिनिटापुरत्या बेळगावात राहून येतात.

मला माणसं युनिटांनी ओळखू येतात.
भरमाणी तारिहाळकर: साडेसातशे.
वडगावातून उचलून आणलेले दोन माग,
शेजारची पोरं त्या खडखडाटाशिवाय झोपत नाहीत.
फिलोमिना सोझ: एकशे दहा,
डिसेंबरात दीडशे, गच्चीवरच्या चांदणीमुळं.
दावल मुल्ला फाउंड्रीतनं येतो, भुवया जळलेल्या,
साठात भागवतो.
'घरात अंधारच बरा वाटतो बघा,
दिवसभर उजेडच ओततो की मी.'
कोपऱ्यातलं कुलूपबंद घर: शून्य. मालक गोव्याला.
शून्य. शून्य. मार्चात तीन.
कुलूप तसंच होतं.
मी कुणाला विचारलं नाही.

शट्टुप्पा मेणसेकडं अकरा.
वस्तीतला पहिला खांब त्याच्या दारात,
कारण खड्डा त्यानं आधीच खणून ठेवला होता,
अर्ज नंतर केला.

भाद्रपदात तो गेला.
यल्लूबाई दाखल्यासाठी महापालिकेत गेली.
'पंचायतीत जावा.'
पंचायतीत म्हणाले, 'आमच्यात मेला न्हाई तो.'
'मग कुठं मेला म्हणायचं?'
टेबलामागचा माणूस नकाशा शोधायला उठला
तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत आलाच नाही.

कुणीतरी सांगितलं, लाईटबिल न्या.
त्यावर नाव असतं, खांबाचा नंबर असतो.
बिल कन्नडात. दर महिन्याला मीच वाचून दाखवायचो,
नाव आलं की शट्टुप्पा 'हां' म्हणायचा,
शाळेतल्या हजेरीसारखा.
पण ह्या कागदावरची शाई उडते, तिला ठाऊक होतं,
म्हणून शहापुरातल्या दुकानात
वीस रुपये देऊन प्लास्टिक चढवून घेतलं.

मशीन गरम. कागद असला.
सगळं बिल काळं झालं,
कडेपासून कडेपर्यंत, चकचकीत.

तिनं ते माझ्यापुढं धरलं.
'ह्यात हाईत बघा ते. वाचा की.'
मी खरंच वाकून बघितलं.
माझी टोपी दिसली त्यात,
मागं खांब, आणि वायरवर वाळत घातलेलं
कुणाचं तरी धोतर.

मग यंत्रात खात्याचा नंबर घातला.
किर्रकिर्र करत कागद निघाला. नाव अजून त्याचंच.
'शट्टुप्पा जोतिबा मेणसे,' मी वाचलं
आणि सवयीनं थांबलो.
'हां,' ती म्हणाली, 'फुडं वाचा.'
पुढं नुसते आकडे होते. युनिटं चार.

'पिठाच्या डब्यात ठेवा,' मी म्हणालो,
'उन्हात नको. दुकानात तर नकोच नको.'
तिनं कागदाची घडी केली, पुन्हा उलगडली,
काळं बिलही परत मागून घेतलं.

जाताना कालव्याकडं बघितलं.
तिथं कुणीतरी नवा खड्डा खणून ठेवलाय,
खांबाच्या मापाचा. अर्जाचं मला काही माहीत नाही.
तळाला बोटभर पाणी होतं
आणि लहान पोराची
डाव्या पायातली एक चप्पल.