सापडण्याची हमी नाही

नाना पेठेत, माझ्या दुकानाच्या काचेवर
मी स्वतःच्या हातानं लिहून चिकटवलंय:
शोधण्याचे पैसे पडतील. सापडण्याची हमी नाही.
दुपारी एक ते चार विचारूही नये.

दस्तगीर बागवान बरोबर सव्वाला आले.
हातात रुमाल, रुमालात तुटलेलं शटल,
शिलाई मशीनचं, जर्मन म्हणे,
अंगावरचं नाव घासून अर्धं उरलेलं.
खुर्ची ओढून म्हणाले, "लिही बाई:
कृपया कळवावे की माझ्याकडे एक जुने मशीन..."

मी लिहिलं. यंत्रानं आज्ञाधारकपणे
एकोणीस लाख पानं पुढ्यात ओतली.
धुण्याचं मशीन, कॉफीचं मशीन, वजनाचं मशीन,
आणि जुनं ते सोनं या विषयावर एक निबंध.

"चाचा, पत्र नको. पलीकडच्या पानावर
जे छापलं असेल, तेच आपण आधी बोलायचं."
"म्हणजे उत्तराच्या तोंडानं प्रश्न विचारायचा?"
मी हो म्हटलं. अकरा वर्षं हेच करतेय,
इतकं नीट मला कधी सांगता आलं नव्हतं.

मग कृपया गेलं, कळवावे गेलं, माझ्याकडे गेलं.
उरलेल्या दोन शब्दांना दोहोंकडून अवतरणचिन्हं.
"टाचण्या," ते म्हणाले, "कापड सरकू नये म्हणून."
मग वजाची खूण: वजा कॉफी, वजा विक्री.
"हे उसवणं."
कपाळावरचा चष्मा आता नाकावर.

एका शोधयंत्रात मिळेना, दुसऱ्यात गेलो.
दुसरं पहिल्याचंच उष्टं वाढत होतं. तिसरं बरं.
शटलचा फोटो काढून फोटोनंच शोधलं,
त्याला ते आधी शिंपला वाटलं, मग कानातलं.
मराठीत नाही. इंग्रजीत नाही.
शेवटी शब्दकोश उघडला:
जर्मन माणसं शटलला छोटं जहाज म्हणतात.

जहाज टाकलं,
आणि पाचव्या पानाच्या तळाशी, जिथं कुणी उतरत नाही,
एक दुवा, तोही मेलेला.
पण मेलेली पानं जपून ठेवणारी एक जागा असते.
तिथं कुणा हौशी माणसानं स्कॅन केलेली पुस्तिका,
वाकडी, चहाचा डाग पडलेली,
आणि पान चौदावर आमचं जहाज, मापांसकट.

तो भाग कुठंच विकत मिळत नव्हता.
त्यांना त्याचं काही नाही. माप मिळालं की झालं,
भोसरीत साडूचा लेथ आहे.
प्रिंटचे सहा, शोधाईचे वीस.
"शोधाई?"
"काचेवर लिहिलंय."
मोजून दिले. पण उठले नाहीत.

खिशातून घडीची पावती काढली,
मशीनच्या खणात सापडलेली:
मिस ई. डिमेलो, कॅम्प. साल बासष्ट.
"मशीन चालू होईल आता. एवढंच सांगायचं होतं."

डिमेलो एका एलचे, दोन एलचे, दे मेलो.
ई म्हणजे एडना, एस्टेल, आणि युनिसही ई वरूनच.
टाचण्या लावल्या, काढल्या.
नकाशात पाहिलं, जुन्या वर्तमानपत्रांत पाहिलं.
एक डिमेलो दंतवैद्य निघाले,
एकांचं मांजर हरवलं होतं.
काय वजा करावं तेच कळेना,
चिंधीएवढ्या माहितीत उसवायला शिवण तरी कुठून असणार.

चार वाजले. अर्धं शटर वर गेलं.
पासपोर्ट फोटोवाले आत शिरले, हॉलतिकीटवाले.
ते रुमाल झटकत म्हणाले,
"तिनं स्वतःबद्दल कुठं काही लिहिलंच नसेल,
तर आपण कुठल्या तोंडानं विचारायचं?"

पावती माझ्याकडेच राहिली, चुकून किंवा कशी.
काल उलटी करून पाहिली. पेन्सिलीनं, पुसट:
बाही अर्धा इंच आखूड. मंगळवारी.

तेही टाकून पाहिलं, टाचण्यांसकट.
टाचण्या होत्या तोवर काही नाही.
काढल्या, तर मंगळवार बरेच निघाले.